आज ज्या फियाटमध्ये पोरं रोल केज बसवतायत, ती गाडी वालचंदशेठना कधी बघायलाच मिळाली नाही

वाईहून पसरणीचा घाट चढताना मागून एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी आली आणि तुम्हाला ओव्हरटेक करून गेली, तर दचकू नका. रंग नवा, चाकं रुंद, सस्पेन्शन खाली बसवलेलं. काचेतून आत बघितलं तर मागच्या सीटच्या जागी लोखंडी पाइपांचा सांगाडा. या सांगाड्याला रोल केज म्हणतात. रेसमध्ये गाडी उलटली तर छत दबून आतल्या माणसाचा चेंदामेंदा होऊ नये, म्हणून तो असतो.

इन्स्टावर अशा गाड्यांच्या रीलला दणकून लाइक पडतात. कमेंटमध्ये ठरलेले दोन प्रश्न असतात. केज कुठं बसवून घेतला आणि खर्च किती आला. ही गाडी मुळात आपल्याकडं आणली कुणी, हा तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

आज त्या तिसऱ्या प्रश्नाचं बोलू. केजचंही बोलू, कारण त्यात जीवाचा प्रश्न आहे. पण आधी माणूस.

माणसाचं नाव शेठ वालचंद हिराचंद दोशी. सांगलीच्या पोरांना हे नाव कॉलेजमुळं पाठ असतं. इंदापूरकरांना वालचंदनगरमुळं. बाकीच्यांनी रावळगावचं चॉकलेट खाल्लेलं असतं, पण त्यामागं हाच माणूस होता हे माहीत नसतं.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घर गुजराती दिगंबर जैन, मूळ सौराष्ट्रातलं, पण सोलापुरात मुरलेलं. वडील हिराचंद नेमचंद यांचा कापसाचा आणि सावकारीचा धंदा. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली, पोराला घरातल्या बायकांनी वाढवलं. शाळा सोलापुरात, मग मुंबईचं सेंट झेवियर्स, मग पुण्याचं डेक्कन कॉलेज. डिग्री काही पुरी झाली नाही. कॉलेज सुटलं आणि पोरगं पेढीवर बसलं.

आता बापजाद्यांचा चालू धंदा हातात आल्यावर माणूस सुखानं गादीवर लोडाला टेकून बसतो. वालचंदना तेच जमेना. धान्याच्या, कापसाच्या व्यवहारात हात घातला, तिथं फटका बसला. सावकारीत मन रमेना. घरच्यांना वाटलं असणार, पोरगं वाया जाणार.

तेवढ्यात त्यांना लक्ष्मण बळवंत फाटक भेटले. फाटक हे रेल्वेतले माजी कारकून. खिशात पैसे नाहीत, पण रेल्वेची कंत्राटं कशी निघतात, कोणत्या कामाला किती खर्च येतो, बिल कुठं अडतं, हे सगळं तोंडपाठ. वालचंदकडं पैसे होते आणि अनुभव शून्य. दोघांची जोडी जमली आणि फाटक-वालचंद ही कंपनी सुरू झाली.

पहिलं मोठं काम मिळालं ते बार्शी लाइट रेल्वेचं. ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. हीच बार्शी लाइट पुढं पंढरपूरवरून १९२७ साली मिरजेला येऊन टेकली. मिरज, सांगली भागातल्या जुन्या माणसांना ती अजून आठवते. एका ब्राह्मण कारकुनानं आणि एका जैन सावकाराच्या पोरानं मिळून रेल्वेचे भराव टाकायचे, ही त्या काळात जरा विचित्रच गोष्ट होती. पण भट्टी जमली. सैन्याच्या बराकी, रेल्वेची कामं, एकामागोमाग एक कंत्राटं येत गेली. पहिल्या महायुद्धात सरकारी बांधकामं वाढली आणि वालचंद यांचा जम बसला.

पुढं फाटकांचा आणि त्यांचा रस्ता वेगळा झाला. वालचंद टाटांसोबत बांधकाम कंपनीत आले. १९२० च्या दशकात बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचं काम त्यांनी केलं. पुण्या-मुंबईला रेल्वेनं जाताना अंधार होतो आणि पोरं ओरडतात, त्यातले काही बोगदे या माणसाच्या हिशेबवहीत होते. मुंबईला तानसाचं पाणी आणणाऱ्या पाइपलाइनचं काम त्यांनी केलं. १९२६ साली हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी म्हणजे एचसीसी उभी राहिली. त्याच वर्षी सिमेंटचे पाइप बनवणारी इंडियन ह्यूम पाइप.

इथं महाबळेश्वरच्या लोकांसाठी एक गोष्ट सांगायला पाहिजे. तुम्ही तापोळ्याला बोटिंगला जाता ना? ते पाणी म्हणजे कोयना धरणाचा फुगवटा, शिवसागर. ते कोयना धरण बांधलं याच एचसीसीनं. वालचंद तोपर्यंत गेले होते, पण कंपनी त्यांचीच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, घरं पडली, माणसं गेली, धरणाला तडे गेले, पण धरण उभं राहिलं.

पण बांधकाम हा वालचंद यांच्या गोष्टीतला अर्धाच भाग. खरी मजा समुद्रावर झाली.

१९१९ साल. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडं एक जहाज होतं, लॉयल्टी. मूळ नाव एम्प्रेस ऑफ इंडिया, कॅनडाच्या कंपनीचं, महाराजांनी युद्धात जखमींसाठी हॉस्पिटल म्हणून घेतलेलं. युद्ध संपलं आणि ते विकायला निघालं. त्या काळी भारताच्या समुद्रावर इंग्रज कंपन्यांची एकहाती सत्ता होती. माल आपला, बंदर आपलं, खलाशी आपले, पण भाडं आणि नफा त्यांचा. आधीही काही भारतीयांनी बोटी टाकून बघितल्या होत्या, त्या बुडवल्या गेल्या. म्हणजे पाण्यात नाही, धंद्यात.

हे सगळं माहीत असून वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास यांच्यासोबत ते जहाज घेतलं. कंपनीचं नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली आणि स्वतः वालचंद त्यावर बसून गेले. आपण आज ५ एप्रिलला राष्ट्रीय नौवहन दिन पाळतो, तो यावरूनच.

लॉयल्टीनं काही पैसे कमवून दिले नाहीत. म्हातारी बोट होती, चार वर्षांत भंगारात गेली. पण सिंदिया टिकली. इंग्रजांच्या बाजूनं मैदानात होते लॉर्ड इंचकेप. त्यांनी ठरलेला डाव टाकला, भाडी पाडली. मग कंपनीच विकत मागितली. वालचंद आणि मंडळी विकायला तयार झाली नाहीत. शेवटी १९२३ मध्ये एक करार झाला, त्यात सिंदियावर बरीच बंधनं आली. किती बोटी ठेवायच्या, कुठं चालवायच्या, सगळ्याला मर्यादा. वालचंदना हा करार जाचत राहिला. स्पष्टच बोलायचं तर तो अर्धा पराभव होता. पण कंपनी जिवंत राहिली. १९२९ मध्ये ते तिचे अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत राहिले.

मधल्या काळात शेतीही झाली. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावला ओसाड माळ घेतला, तिथं ऊस लावला, १९३३ मध्ये साखर कारखाना काढला आणि पुढं गोळ्या-चॉकलेटं. पान पसंद, मँगो मूड या तिथल्याच. २०२४ मध्ये रावळगावचे हे ब्रँड रिलायन्सनं २७ कोटींना घेतले, तेव्हा सोशल मीडियावर आपण सगळे दोन दिवस हळहळलो होतो. तसंच इंदापूर तालुक्यात कळंबला. तिथं आधी माळरान आणि काटेरी झुडपं, नंतर कारखाना, वसाहत, शाळा. गावाचं नाव झालं वालचंदनगर.

आणि सातारकरांनो, तुमच्याकडंही. सातारा रोडचा कूपर कारखाना हा सर धनजीशा कूपर यांचा. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, तेव्हा मुख्यमंत्र्याला तसं म्हणायचे. नांगर, इंजिनं बनवणारी ती कूपर इंजिनिअरिंग पुढं वालचंद समूहात आली. म्हणजे बघा, जिल्ह्यात लोखंड ओतायचं काम पद्मिनीच्या आधीपासून सुरू होतं.

आता गाडीकडं येऊ.

१९३० च्या दशकात भारतात मोटारी होत्या, पण भारतात बनत नव्हत्या. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांचे मुंबईत जोडणीचे कारखाने होते. म्हणजे पेट्यांमधून सुटे भाग यायचे, इथं नटबोल्ट आवळायचे, रंग मारायचा, विकायची. इंजिनिअर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना हे खटकत होतं. त्यांनी भारतात मोटार बनवायची योजना तयार केली होती आणि ती घेऊन ते फिरत होते. वालचंद यांना ती पटली.

पटली म्हणजे कशी, तर माणूस थेट अमेरिकेला गेला. फोर्डशी बोलणी केली. फोर्ड तयार झाली नाही, त्यांचा इथला जोडणीचा धंदा बरा चालला होता, ते कशाला दुसऱ्याला शिकवतील? मग क्रायस्लर. क्रायस्लर तयार झाली. पण महायुद्ध लागलेलं. मोटार कारखाना म्हणजे युद्धाच्या कामाचीच गोष्ट, ट्रक लागणारच होते, तरी दिल्लीतल्या इंग्रज सरकारनं पाठिंबा दिला नाही. यंत्रं आणायची तर जहाजात जागा पाहिजे, डॉलर पाहिजेत, परवाने पाहिजेत, आणि हे सगळं सरकारच्या हातात. भारतात मोटार कारखाना उभा राहिला तर युद्धानंतर विलायतेतल्या गाड्या कोण घेणार, हा हिशेब त्यामागं होता असं मानायला जागा आहे.

पण याच अमेरिका दौऱ्याच्या काळातला एक किस्सा आहे, जो सिनेमात दाखवला तर लेखकानं फेकलं असं आपण म्हणू. १९३९ मध्ये विमानप्रवासात वालचंद यांची गाठ विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन माणसाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. वालचंद यांच्या डोक्यात लगेच चक्रं फिरली. मोटारीला परवानगी नाही ना, मग विमान बनवू!

आणि बनवलं. म्हैसूर संस्थानचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी बंगळूरमध्ये जमीन आणि भांडवल दिलं. डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. १९४१ मध्ये तिथं जोडलेलं हार्लो जातीचं पहिलं ट्रेनर विमान उडालं. जपान अंगावर येऊ लागल्यावर सरकारला हा कारखाना स्वतःच्या हातात पाहिजे झाला आणि १९४२ मध्ये सरकारनं वालचंद यांचा हिस्सा विकत घेऊन त्यांना बाजूला केलं. तीच ही आजची एचएएल. तेजस बनवणारी.

जहाज बांधायच्या कारखान्याची गतही तशीच. २१ जून १९४१ ला विशाखापट्टणमला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्याच एप्रिलमध्ये जपान्यांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. काम थांबलं, सामान हलवलं, परत उभं केलं. १४ मार्च १९४८ ला जलउषा हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. पुढं १९५२ पासून हा कारखानाही टप्प्याटप्प्यानं सरकारकडं गेला.

वालचंद यांच्याबद्दल लिहिताना सगळे त्यांना द्रष्टा म्हणून मोकळे होतात. होतेच ते. पण दुसरी बाजूही आहे. खिशात असलेल्या पैशापेक्षा यांची योजना कायम मोठी असायची. एक कारखाना रुळावर यायच्या आत दुसऱ्याची पायाभरणी. त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांची दमछाक व्हायची आणि भागीदारांशी खटके उडायचे. गुलाबचंद, रतनचंद, लालचंद हे भाऊ मागं उभे राहिले नसते तर यातलं किती टिकलं असतं, हा प्रश्नच आहे. मला तरी वाटतं, कारखाना काढायची घाई वालचंदना होती आणि तो चालवायचं ओझं घरच्यांच्या खांद्यावर होतं.

असो. मोटारीचं वेड गेलं नव्हतं. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये तिथून क्रायस्लरच्या गाड्या आणि ट्रक बाहेर पडायला लागले. डॉज, प्लीमथ, डिसोटो, फार्गो. तिकडं बिर्लांची हिंदुस्तान मोटर्सही १९४२ मध्ये निघाली होती. सुरुवातीला कुर्ल्यातही जोडणीच जास्त होती, पण एकेक भाग इथं बनवायचा असा रस्ता धरलेला होता.

१९४९ मध्ये वालचंदना अर्धांगवायूचा झटका आला. १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाईंनी शेवटपर्यंत सेवा केली. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातेतल्या सिद्धपूरला वालचंद गेले.

आता तारखा नीट बघा. त्यांच्या आजारपणाच्या काळात प्रीमियरनं इटलीच्या फियाटशी हात मिळवला. १९५३ मध्ये सरकारनं धोरण आणलं, की जे इथं खरोखर गाडी बनवणार नाहीत त्यांना नुसती जोडणी करता येणार नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. ज्या फोर्डनं वालचंदना नाही म्हटलं होतं, ती कंपनी गेली आणि कुर्ल्याचा कारखाना राहिला. १९५४ पासून तिथं फियाट अकराशे यायला लागली. १९६४ मध्ये तिची नवी आवृत्ती आली, डिलाइट. १९७२ मध्ये नाव बदलून प्रीमियर प्रेसिडेंट, आणि १९७४ मध्ये पद्मिनी.

म्हणजे ज्या गाडीमुळं प्रीमियरचं नाव घरोघरी गेलं, जी मुंबईची काळी-पिवळी झाली, जिच्यात बसून आपल्या आईबापांचा हनिमून महाबळेश्वरला झाला, ती गाडी वालचंद यांनी बघितलीच नाही. एक वर्ष हुकलं.

पद्मिनीचं म्हणाल तर १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, साधारण ४० हॉर्सपॉवर, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. घाटात ती तापायची. पसरणीच्या वळणांवर बॉनेट उघडून, रेडिएटरला पाण्याची बाटली लावून उभी राहिलेली पद्मिनी हा उन्हाळी सुट्टीचा भागच होता. कितीतरी वर्षं गाडी फारशी बदललीच नाही. बदलायची गरज नव्हती, कारण बुकिंग करून लोक वर्षानुवर्षं वाट बघत बसायचे. परवाना राजमध्ये गिऱ्हाईक पळून जाणार कुठं? वालचंद ज्या इंग्रज मक्तेदारीशी भांडले, तसाच बंदिस्त बाजार त्यांच्याच कंपनीच्या वाट्याला आला आणि कंपनी त्यात आळसावली. मारुती आली आणि गणित फिसकटलं. २००० च्या आसपास पद्मिनी बंद झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

पण रेसवाल्यांना ती आवडायची. मद्रासजवळ शोलावरमला जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथं फियाट आणि हेराल्ड धावायच्या. कारण सोपं होतं, बाजारात दुसरी गाडीच नव्हती. पार्ट मिळायचे, मेकॅनिकला ती डोळे मिटून खोलता यायची. आणि आता तीच हौस परत आलीये.

तर मग पद्मिनीत रोल केज बसवावा का? इथं जरा थांबून वाचा.

पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तिची बॉडी, फरशी आणि बाजूचे सिल मिळूनच सांगाडा होतो, याला मोनोकॉक म्हणतात. केजचे पाय याच फरशीवर उभे राहतात. गाडी उलटली की सगळा भार त्या पायांवर येतो. आता ही गाडी किमान पंचवीस वर्षं जुनी. त्यात ती महाबळेश्वरच्या पावसात उभी राहिलेली, जिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कार्पेट उचलून स्क्रूड्रायव्हरनं फरशी टोचून बघा. पत्रा आत गेला, तर वरचा पाइप कितीही भारी असो, उलटल्यावर त्याचे पाय फरशी फाडून खाली जाणार. आधी गंज कापून नवा पत्रा, मग केज. रीलमध्ये हा भाग कुणी दाखवत नाही कारण तो दिसायला घाण असतो.

दुसरं पाइपचं. ग्रील आणि गेट बनवणाऱ्याकडचा शिवण असलेला पाइप इथं चालत नाही. जागतिक मोटारस्पोर्टच्या एफआयए या संस्थेच्या नियमात विनाशिवण, कोल्ड ड्रॉन कार्बन स्टीलचा पाइप लागतो. ड्रायव्हरच्या मागची मुख्य कमान ४५ मिलिमीटर जाडीची आणि २.५ मिलिमीटर भिंतीची, नाहीतर ५० ची आणि २ मिलिमीटरची. बाकीचे पाइप ३८ ला २.५ किंवा ४० ला २. प्रत्येक पायाखाली किमान ३ मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी, म्हणजे भार एका टोकावर न येता पसरतो. पाइप वाकवताना सुरकुती पडली तर तो पाइप बाद, कारण तो तिथंच मोडणार. मुख्य कमानीत एक तिरका पाइप पाहिजेच. तो नसेल तर आयताची चौकट दाबल्यावर जशी तिरपी होते, तशी ती होते.

तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. केज हा पॅकेजचा एक भाग आहे. रेसमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर हेल्मेट असतं, पाठीला न हलणारी बकेट सीट असते, अंगाला चार किंवा सहा बाजूंनी आवळणारा हार्नेस असतो. तो जागचा हलत नाही म्हणून केज त्याला वाचवतो. रोजच्या गाडीत तुम्ही हेल्मेट घालत नाही. साधा पट्टा लावला तरी धडकेत डोकं बाजूला, पुढं फेकलं जातं. आणि तिथं काय असतं? डोक्यापासून काही इंचांवर स्टीलचा पाइप. म्हणजे एरवी वाडगाव फाट्यावर ब्रेक दाबून निभावलं असतं अशा छोट्या धडकेत केज असलेल्या गाडीत डोकं फुटू शकतं. वरचं मऊ पॅडिंग मदत करतं, पण हेल्मेटची जागा घेत नाही. मागच्या सीटवर तर कुणालाच बसवू नका. नव्या स्पोर्टी गाडीत केज घालणार असाल तर बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅगच्या वाटेतच पाइप येतो, हे वेगळंच.

चौथं, कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं बनवताना दिलेल्या मूळ तपशिलापासून हटणारा बदल रजिस्टर गाडीत करता येत नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही या कलमाचा अर्थ असाच कडक लावला. आरटीओत विचारल्याशिवाय वेल्डिंग मशीन चालू केलं, तर दंड होईलच, पण अपघातानंतर इन्शुरन्सवाला गाडीकडं बघून आधी तेच विचारेल. शर्यतीसाठीच गाडी बनवायची असेल तर बनवा, ट्रकवर टाकून ट्रॅकवर न्या आणि तिथं उडवा. घाटात नको. आंबेनळीत आणि पसरणीत समोरून येणाऱ्या एसटीला तुमचा केज दिसत नाही.

राहता राहिलं सांगलीचं कॉलेज. १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांनी तिथं न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केलं. १९५५ मध्ये ते वालचंद यांच्या नावच्या ट्रस्टच्या मदतीनं वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झालं. जे पोरगं स्वतः डिग्री पुरी न करता पेढीवर बसलं, त्याच्या नावानं दरवर्षी शेकडो पोरं इंजिनिअर होऊन बाहेर पडतात. इंजिनिअरिंग कॉलेजांमधली पोरं हल्ली बाहा नावाच्या स्पर्धेसाठी मातीत पळणाऱ्या छोट्या गाड्या स्वतः बनवतात. त्या गाड्यांना बॉडी अशी नसतेच, उघडा रोल केज हीच गाडी. त्याचं वेल्डिंग तपासून पास झाल्याशिवाय गाडीला मैदानात सोडत नाहीत.

तुमच्या घरी पद्मिनी होती का? घाटात ती कुठं तापायची, कमेंटमध्ये सांगा. आमची पाचगणीच्या अलीकडं, दर वेळी त्याच वळणावर.